मुंबईत नवे आहात? मेट्रोने फिरायला असं शिका

२०२३च्या जूनमध्ये मी मिरजेहून मुंबईला आले. नोकरी फोर्टात, खोली दहिसरजवळ ओवरीपाड्याला. आल्या आल्या सगळ्यांनी मला लोकल शिकवली. फास्ट कुठली, स्लो कुठली, लेडीज डबा फलाटावर कुठे येतो, उतरायचं असेल तर किती स्टेशनं आधी दाराकडे सरकायचं, सगळं. मेट्रो मात्र कुणी शिकवली नाही. गार डबा, मराठीत घोषणा, मिनिटा-दोन मिनिटांवर पुढचं स्टेशन. त्यात शिकवायचं काय, असंच सगळ्यांना वाटतं.

गाडीत बसल्यावर खरंच काही शिकायचं नसतं. वेळ आणि पैसे जातात ते गाडीच्या बाहेर. चुकीच्या स्टेशनाचं तिकीट, न उघडणारं गेट, भलत्या बाजूला निघणारा जिना, एका लाईनवरून दुसरीवर जाताना पुलावरची पायपीट. घरून निघताना 'वीस मिनिटांत पोचते' म्हणणारा माणूस तासाभराने पोचतो तो यामुळे. आमच्या ऑफिसात नवी मुलं-मुली आली की मी त्यांना हेच सांगत बसते. दर वेळी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

१. आधी लाईनी ओळखा, आणि त्या कुणाच्या आहेत तेही

नकाशावर मुंबई मेट्रो एकच दिसते. प्रत्यक्षात ती तीन वेगवेगळ्या कंपन्या चालवतात, आणि नव्या माणसाचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मेट्रो १, म्हणजे निळी लाईन: वर्सोवा ते घाटकोपर. शहरातली पहिली, ८ जून २०१४ला सुरू झालेली. ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं, चार डब्यांची गाडी. ही मुंबई मेट्रो वन कंपनीची. अंतर छोटं, पण पश्चिम रेल्वेचं अंधेरी आणि मध्य रेल्वेचं घाटकोपर ही दोन स्टेशनं जोडणारी असल्यामुळे गर्दी जबरदस्त.

मेट्रो २अ (पिवळी) आणि मेट्रो ७ (लाल): पिवळी अंधेरी पश्चिमहून लिंक रोडवरून दहिसर पूर्वेला जाते, लाल दहिसर पूर्वेहून हायवेवरून गुंदवलीला येते. दोन्हींचा पहिला टप्पा २०२२च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला सुरू झाला आणि उरलेला जानेवारी २०२३मध्ये. या दोन्ही महामुंबई मेट्रोच्या, त्यामुळे दहिसरला एकीवरून दुसरीवर जाताना बाहेर पडावं लागत नाही. तिकीट एकच.

मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाईन, आपल्या तोंडी 'भुयारी मेट्रो': आरे ते कफ परेड. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, त्यातलं आरे तेवढं जमिनीवर आणि बाकी २६ जमिनीखाली. गाडी आठ डब्यांची. ऑक्टोबर २०२४मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), मे २०२५मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५मध्ये थेट कफ परेडपर्यंत अशी ती टप्प्याटप्प्याने उघडली. ही मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशनची.

जुने नकाशे बघताना दोन गोष्टी सांभाळा. चेंबूर ते संत गाडगे महाराज चौक ही मोनोरेल मेट्रो नव्हे. तिची सेवा २० सप्टेंबर २०२५पासून दुरुस्ती-सुधारणेसाठी थांबवली होती, तेव्हा तिच्या भरवशावर बेत आखण्याआधी ती चालू आहे का ते बघा. आणि बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची मेट्रो पूर्णपणे वेगळी आहे, मुंबईच्या कुठल्याच लाईनला ती मिळत नाही. खोली बघायला जाताना एजंट 'मेट्रो जवळ' म्हणाला तर पहिला प्रश्न हाच विचारा: कुठली मेट्रो?

२. स्टेशनाच्या नावाला भुलू नका

या एका सापळ्यात जवळजवळ प्रत्येक जण अडकतो, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

मुंबईत 'बोरिवली' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे रेल्वे स्टेशन येतं. पण पिवळ्या लाईनीवरचं बोरिवली पश्चिम हे लिंक रोडवर आहे. तिथे उतरून 'आता लोकल पकडू' म्हणालात तर रिक्षा शोधावी लागेल. कांदिवली पश्चिम, मालाड पश्चिम, गोरेगाव पश्चिम, सगळ्यांची तीच गत. लाल लाईनीवरचं गोरेगाव पूर्व आणि जोगेश्वरी पूर्व हायवेवर आहेत. साधा नियम लक्षात ठेवा: पिवळी म्हणजे लिंक रोड, लाल म्हणजे वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, आणि रेल्वे या दोघींच्या मधून जाते.

अंधेरीचा घोळ सगळ्यात मोठा:

- 'अंधेरी' हे निळ्या लाईनीवरचं स्टेशन. रेल्वे स्टेशनाला लागून आहे ते हेच.
- 'अंधेरी पश्चिम' हे पिवळ्या लाईनीचं शेवटचं स्टेशन. ते डी. एन. नगरला आहे.
- 'एमआयडीसी अंधेरी' भुयारी लाईनीवर, पार पूर्वेला.
- 'गुंदवली' हे लाल लाईनीचं शेवटचं स्टेशन. नावात अंधेरी नाही, पण अंधेरी पूर्वेच्या हायवेवर उतरायचं असेल तर हेच.

इंटरव्ह्यूला येणाऱ्याला कुणी नुसतं 'अंधेरी मेट्रोला उतर' म्हणालं तर तो या चारपैकी कुठेही जाईल. पत्ता विचारताना लाईनसुद्धा विचारा.

भुयारी लाईनीवरही असंच. सांताक्रूझ मेट्रो रेल्वेच्या सांताक्रूझशेजारी नाही. वांद्रे कॉलनी म्हणजे वांद्रे स्टेशन नव्हे. दादर पश्चिम गोखले रोडच्या बाजूला आहे, तिथून दादरच्या रेल्वे फलाटापर्यंत बाजारातल्या गर्दीतून चालावं लागतं. माहीमकडे जायचं असेल तर 'माहीम' शोधू नका, 'शितलादेवी मंदिर' शोधा. मुंबई सेंट्रलचं स्टेशन 'जगन्नाथ शंकरशेट' या नावाने आहे. १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती आणण्यामागे ज्यांची खटपट होती त्या नानांचं नाव भुयारी गाडीच्या स्टेशनाला मिळालं, याचं मला फार बरं वाटतं. पण नव्या माणसाला ते नाव यादीत सापडत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

विमानतळाला जाणाऱ्यांनी तिकिटावरचं टर्मिनल आधी वाचा. टी१ आणि टी२ ही दोन वेगळी मेट्रो स्टेशनं आहेत आणि मध्ये सहार रोड नावाचं तिसरं आहे. चुकीच्या टर्मिनलला उतरलात तर परत फलाटावर येऊन गाडी धरावी लागते, आणि विमानाच्या दिवशी तेवढा जीव कुणाकडे नसतो.

३. तिकीट कशावर काढायचं ते ठरवा

सगळ्या लाईनींवर कमीत कमी भाडं १० रुपये. निळ्या लाईनीवर जास्तीत जास्त ४०, भुयारी लाईनीवर आरे ते कफ परेड पूर्ण गेलात तर ७०. पिवळ्या-लाल लाईनीवर अंतराप्रमाणे १०, २०, ३० असं वाढत जातं.

तिकिटाचे तीन मार्ग आहेत.

पहिला, खिडकीवर किंवा मशीनवर कागदी क्यूआर तिकीट. पहिल्या एक-दोन वेळेला हेच घ्या. खिडकीवरच्या माणसाला 'मला अमुक ठिकाणी जायचंय, कुठलं स्टेशन?' असं विचारता येतं, मशीनला विचारता येत नाही. सुट्टे जवळ ठेवा.

दुसरा, फोनवरचा क्यूआर. प्रत्येक कंपनीचं स्वतःचं ॲप आहे, व्हॉट्सॲपवरही तिकीट मिळतं. पण एकच ठेवायचं असेल तर 'मुंबई वन' ठेवा. ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या या ॲपवर मेट्रोच्या सगळ्या लाईनी, लोकल, बेस्ट आणि आसपासच्या महापालिकांच्या बसगाड्या अशा ११ सेवांची तिकिटं काढता येतात. दोन लाईनींचा प्रवास एकदम निवडता येतो, त्यामुळे मधल्या स्टेशनावर पुन्हा रांग लावावी लागत नाही.

तिसरा, कार्ड. नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड, सगळे एनसीएमसी म्हणतात. रोज पिवळ्या, लाल किंवा भुयारी लाईनीने जाणार असाल तर हे घ्या. गेटवर टेकवलं की झालं. बेस्टमध्येही चालतं.

कार्डाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. माझा मावसभाऊ नवीन कार्ड घेऊन आला, रात्री घरी बसून फोनवरून पाचशे रुपये भरले, पैसे कापल्याचा मेसेज आला. सकाळी गेटवर कार्ड टेकवलं तर लाल दिवा. परत टेकवलं, परत लाल. मागे रांग वाढत चाललेली, कुणी 'अहो, बाजूला व्हा ना' म्हणतंय, आणि हा फोनवरचा मेसेज गेटलाच दाखवतोय. पैसे कुठे गेले नव्हते. एनसीएमसी कार्डातली शिल्लक कार्डाच्या चिपवर लिहिलेली असते. फोनवरून भरलेले पैसे त्या चिपवर आपोआप उतरत नाहीत. स्टेशनावरच्या मशीनला किंवा खिडकीवर कार्ड एकदा लावून ते 'चढवून' घ्यावे लागतात. शक्यतो कार्ड खिडकीवरच भरा, ही कटकट राहत नाही.

कार्ड आणि सवलतीसाठी जवळ ठेवायच्या गोष्टी:

- चालू असलेला मोबाईल नंबर, ओटीपीसाठी फोन हातात
- आधार, पॅन, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना यांपैकी एक
- ज्येष्ठांसाठी वयाचा पुरावा
- विद्यार्थ्यांसाठी शाळा-कॉलेजचं ओळखपत्र आणि स्वतःचं किंवा पालकांचं पॅन
- दिव्यांगांसाठी सरकारी प्रमाणपत्र

सवलतीचं थोडं समजून घ्या, कारण हक्काचे पैसे लोक सोडून देतात. पिवळ्या आणि लाल लाईनीवर १ मे २०२३पासून ६५ वर्षांवरच्यांना, बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना आणि दिव्यांगांना ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर २५ टक्के सवलत मिळते. हा पास मुंबई १ या महामुंबई मेट्रोच्या एनसीएमसी कार्डावर निघतो ('मुंबई वन' ॲप वेगळं) आणि ३० दिवस चालतो. बाकीच्यांनाही ४५ फेऱ्यांवर १५ आणि ६० फेऱ्यांवर २० टक्के सूट आहे. मात्र तिकीट खिडकीवर सुट्टं काढलंत तर यातलं काहीच मिळत नाही. एका कंपनीची सवलत दुसरीच्या लाईनीवर लागेल असं गृहीत धरू नका, पास घेतानाच विचारून घ्या.

आणि एक खरं ते सांगते. पैसे मोजून राहणाऱ्याला लोकलच्या सेकंड क्लासच्या मासिक पासापुढे मेट्रो महागच पडते. दहिसर-चर्चगेट रोज मेट्रोने करायचा माझा बेत पहिल्याच महिन्यात मोडला. आता जाताना मी लोकलनेच जाते आणि मेट्रो ठेवते ती वेस्टर्नवरून सेंट्रलला जायला, विमानतळाला, पावसात आणि जिथे लोकल पोचतच नाही तिथे. पगार हातात पडायच्या आधी पास काढू नका. पंधरा दिवस दोन्ही करून बघा.

४. गेटवर

बॅग आधी तपासणीच्या मशीनमधून जाते. ऑफिसच्या वेळेला तिथे रांग असते, ती पाच मिनिटं हिशेबात धरा.

क्यूआर वाचताना फोनचा उजेड वाढवा आणि स्क्रीन काचेवर घासू नका, चार बोटं वर धरा. प्रत्येक माणसाचा क्यूआर वेगळा असतो. चौघांची तिकिटं एकाच्या फोनवर काढली असतील तर ती आत जाण्याआधीच ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवा, नाहीतर फोन इकडून तिकडे देताना गेट बंद होतं.

तिकीट बाहेर पडेपर्यंत लागतं. कागदाचा बोळा करून टाकू नका. फोनची बॅटरी दहा टक्क्यांवर असेल तर सरळ कागदी तिकीट घ्या; फोन बंद पडला की आतच अडकाल. तिकिटापेक्षा पुढच्या स्टेशनाला उतरलात तर गेट उघडत नाही. तेव्हा घाबरून कुणाच्या मागे चिकटून बाहेर पडायचा प्रयत्न करू नका. गेटाशेजारी ग्राहक सेवेची खिडकी असते, तिथे फरक भरला की सोडतात. आत किती वेळ राहता येतं यालाही मर्यादा आहे, त्यामुळे मैत्रिणीची वाट बघत फलाटावर तासभर थांबायचं नाही. वाट बघायची ती गेटाबाहेर.

५. लाईन बदलताना

गाडीबाहेर वेळ जातो असं वर म्हटलं, त्यातला सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. बदलायच्या जागा चार आहेत. पाठच करून टाका.

दहिसर पूर्व: लाल आणि पिवळी. सोपं, तिकीट एकच.

डी. एन. नगर आणि अंधेरी पश्चिम: निळी आणि पिवळी. नावं दोन, पण स्टेशनं पुलाने जोडलेली. बाहेर पडायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा आत जायचं.

वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि गुंदवली: निळी आणि लाल. हेही नावं दोन आणि मध्ये पूल. इथे नवी माणसं हमखास चुकतात, कारण निळ्या गाडीत 'गुंदवली' अशी घोषणा ऐकायची वाट बघत बसतात. ती येत नाही, घाटकोपर येतं.

मरोळ नाका: निळी आणि भुयारी. नाव एकच, पण एक स्टेशन रस्त्याच्या वर आणि दुसरं जमिनीच्या पोटात. सरकते जिने एकामागून एक. गुडघे दुखत असतील तर सुरुवातीलाच लिफ्टची पाटी शोधा.

माझा एक प्रवास उदाहरण म्हणून घ्या. ओवरीपाड्याहून लाल लाईनीने गुंदवली. तिथून पुलावरून वेस्टर्न एक्सप्रेस हायवे. निळ्या लाईनीने घाटकोपरच्या दिशेला तिसरं स्टेशन मरोळ नाका. तिथून खाली उतरून भुयारी लाईनीने हुतात्मा चौक. तीन लाईनी, तीन कंपन्या, तीनदा बॅग तपासणी. माझ्या घड्याळात एकेका बदलाला सात ते दहा मिनिटं जातात, संध्याकाळच्या गर्दीत त्याहून जास्त. म्हणून ॲपने दाखवलेल्या वेळेत प्रत्येक बदलाला दहा मिनिटं स्वतःची घाला. इंटरव्ह्यू असेल तर पंधरा.

संध्याकाळी सहा ते साडेआठ निळ्या लाईनीवर घाटकोपरला जाताना एक गाडी सोडायची तयारी ठेवा. चार डबे आणि साकी नाका, मरोळची ऑफिसं एकदम सुटलेली. पाठीवरची सॅक पुढे घ्या. दाराशी उभे असाल तर उतरणाऱ्यांना आधी वाट द्या.

६. खाली उतरण्याआधी दोन कामं

भुयारी लाईनीसाठी एवढं लक्षात ठेवा: तिकीट वर असतानाच काढा, आणि उतरल्यावर कुठल्या दरवाजाने बाहेर पडायचं ते वर असतानाच बघा.

जमिनीखाली अनेक ठिकाणी फोनला रेंज नसते. यूपीआय फिरत राहतं, पैसे कापले गेले की नाही ते कळत नाही, ओटीपी येत नाही. स्टेशनात तिकिटासाठी वायफाय आहे, पण त्यावर विसंबून गेटासमोर उभं राहण्यापेक्षा रस्त्यावर असतानाच तिकीट काढून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. कुणाला भेटायचं ठरलं असेल तर 'खाली उतरल्यावर फोन करते' म्हणू नका. जागा आधी ठरवा.

आता दरवाजाचं. प्रत्येक भुयारी स्टेशनाला तीन-चार किंवा त्याहूनही जास्त दरवाजे आहेत, अ-१, ब-२ असे. ते रस्त्याच्या वेगवेगळ्या बाजूंना, कधी वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतात. चुकीचा दरवाजा म्हणजे वर आल्यावर सहापदरी रस्ता ओलांडणं, नाहीतर पुन्हा खाली जाणं.

गेल्या हिवाळ्यात आई पहिल्यांदा आली. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरली, हातात एक बॅग आणि भडंगाची मोठी पिशवी. मी हौसेने तिला भुयारी मेट्रोने नेलं. आत जाताना सगळं छान. काचेचे दरवाजे, गार हवा, 'पुढील स्थानक' ऐकून तिचं प्रत्येक नाव पुन्हा म्हणणं: काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड. उतरलो तिथे मी गर्दी जाते त्या बाजूला निघाले. पाटी वाचलीच नाही. सरकता जिना अर्ध्यापर्यंत होता, पुढे साधा जिना. आई पाचव्या पायरीवर कठडा धरून थांबली. काही बोलली नाही, फक्त भडंगाची पिशवी माझ्या हातात दिली आणि पदराने कपाळ पुसलं. लिफ्ट त्याच स्टेशनाच्या दुसऱ्या दरवाजाला होती, आम्ही उतरलो तिथून पन्नास पावलांवर. गेटातून बाहेर पडण्याआधी तिथल्या माणसाला 'लिफ्ट कुठल्या बाजूला?' एवढं विचारलं असतं तर त्या चाळीस पायऱ्या वाचल्या असत्या.

तेव्हापासून मी हे करते, तुम्हीही करा. फलाटावर उतरल्या उतरल्या गर्दीबरोबर चालायला लागू नका. जिन्याजवळ आसपासच्या परिसराचा नकाशा लावलेला असतो, त्यात दरवाजाचं अक्षर आणि तिथली ठिकाणं लिहिलेली असतात. अर्धं मिनिट उभं राहून वाचा. लिफ्ट प्रत्येक दरवाजाला नसते. म्हातारं माणूस, बाळ किंवा मोठं सामान बरोबर असेल तर लिफ्ट आधी ठरवा आणि मगच गेट ओलांडा, कारण गेटाबाहेर पडल्यावर परत आत यायला दुसरं तिकीट लागतं.

फोर्टात नवीन येणाऱ्यांसाठी: हायकोर्ट, फाउंटन, बँकांची मुख्य ऑफिसं यांना हुतात्मा चौक, मंत्रालयाला विधान भवन, मध्य रेल्वे पकडायची तर सीएसएमटी, पश्चिम रेल्वे पकडायची तर चर्चगेट. सिद्धिविनायकाला त्याच नावाचं स्टेशन आहे. मंगळवारी पहाटेपासून तिथे गर्दी, मोठी बॅग घेऊन जाऊ नका.

७. मुलं आणि सामान

९० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्यांबरोबर तिकीट लागत नाही. गेटातून जाताना मूल पुढे ठेवा, मागे नाही. लग्नाच्या पेट्या, गावाकडून आणलेली तांदळाची पोती असं सामान मेट्रोत चालत नाही. सामानाच्या आकाराला आणि वजनाला मर्यादा आहे. डब्यात खाणं नाही, थुंकणं तर नाहीच. दंड होतो.

८. स्टेशनाबाहेर पडल्यावर

मेट्रो तुम्हाला दारात सोडत नाही. शेवटचा एक-दीड किलोमीटर रिक्षा, बस किंवा पाय.

गावाकडून आलेल्यांना माहीत नसतं ते हे: मुंबईत रिक्षा उपनगरातच चालते. माहीम आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही, फक्त काळी-पिवळी टॅक्सी. भुयारी लाईनीने दादर, वरळी, गिरगाव अशा ठिकाणी उतरून रिक्षाची वाट बघत उभे राहू नका. फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं पहिल्या टप्प्याचं भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१. मीटर टाकायला सांगा, मुंबईत मीटरने जाणं ही नेहमीची रीत आहे, त्यात भांडण नाही. बेस्टचं कमीत कमी भाडं साध्या बसला १० आणि एसी बसला १२. लिंक रोडवरच्या मेट्रो स्टेशनाखालून रेल्वे स्टेशनाला शेअर रिक्षाही मिळतात. कुठे उभ्या राहतात ते फुलवाल्याला किंवा वडापाववाल्याला विचारा, नकाशापेक्षा लवकर कळेल.

पावसाळ्यात ठरलेला बेत सैल ठेवा. २६ मे २०२५ला मान्सून वेळेआधीच आला आणि जोरदार पाऊस झाला तेव्हा आचार्य अत्रे चौक स्टेशनात पाणी शिरलं आणि वरळीपर्यंतच गाड्या ठेवाव्या लागल्या. लोकल रुळावरच्या पाण्याने थांबते तेव्हा उंचावरून जाणाऱ्या निळ्या, लाल, पिवळ्या लाईनी बऱ्याचदा चालू असतात. त्या दिवशी अख्खं शहर तिकडेच वळतं, म्हणून कार्डात शंभर-दीडशे रुपये कायम ठेवा. खिडकीवरची रांग जिन्याखाली रस्त्यापर्यंत आलेली मी पाहिली आहे.

९. परतीची गाडी

नवखे सगळ्यात शेवटी चुकतात ते इथे. लोकल मध्यरात्र उलटेपर्यंत असते, म्हणून मेट्रोही असेल असं वाटतं. भुयारी मेट्रोची शेवटची गाडी दोन्ही टोकांहून रात्री साडेदहाला सुटते, सकाळची पहिली सहाच्या आसपास. दुसऱ्या लाईनींच्या वेळा थोड्या वेगळ्या आहेत, सणासुदीला, विशेषतः गणपतीत, वाढवल्याही जातात. तीन लाईनी बदलून घरी जाणाऱ्याने शेवटच्या गाडीचा हिशेब पहिल्या लाईनीचा नाही, शेवटच्या लाईनीचा करायचा. मी हुतात्मा चौकाहून साडेदहाला निघाले आणि गुंदवलीला पोचेपर्यंत लाल लाईन बंद झाली, तर हायवेवर रात्री पावणेबाराला रिक्षा शोधत उभी राहणार. म्हणून साडेनऊनंतर मी मेट्रोचा विचारच करत नाही. सरळ चर्चगेटला चालत जाते आणि बोरिवली लोकल पकडते. तुमच्या घराजवळच्या स्टेशनाची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आजच खिडकीवर विचारा आणि फोनमध्ये लिहून ठेवा.